काळ्या पट्ट्यातली कोरी जागा

व्होर्नीच्या चर्चमध्ये नवखा माणूस आला की त्याची नजर आधी भिंतीवरच्या काळ्या पट्ट्यावर जाते आणि मग देवावर. गढीचा धनी वारला की चर्चच्या भिंतींवरून आतून-बाहेरून असा पट्टा ओढायचा आणि त्यात जागोजागी त्याच्या कुळाचं चिन्ह काढायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. धनी एकटा जात नाही, देवाच्या घरालाही सुतक लावून जातो. पण व्होर्नीचा पट्टा बरीच वर्षं अपुरा होता. उत्तरेच्या भिंतीला, तिसऱ्या बाकाच्या वर, दोन हात जागा कोरी होती. नवख्याला वाटायचं, रंग संपला असेल. गावचा माणूस मात्र त्या जागेखाली बसलेल्या म्हातारीकडे हळूच बघायचा आणि गप्प राहायचा.

म्हातारीचं नाव लाझारेत. तिचा नवरा फिलिबेर डोंगरातले ओंडके ओढ्यात सोडायचा, ओढ्यातून नदीत आणायचा आणि त्यांचा तराफा बांधून त्यावर उभा राहून थेट पॅरिसपर्यंत न्यायचा. वर्षातला निम्मा काळ तो पाण्यात आणि उरलेला चुलीपाशी पाय शेकत. वाट बघणं लाझारेतला लग्नाबरोबरच आंदण मिळालं होतं. पहिली मुलगी एमिलांद अंगावर पीत होती, तेव्हा गढीवरून निरोप आला की बाईसाहेबांना मुलगा झालाय, पाजायला बाई हवी. गढीतल्या बायका आपली मुलं स्वतः का पाजत नाहीत हे त्यांनाच ठाऊक. कारभाऱ्याने लाझारेतचे दात पाहिले, तिचं दूध बशीत काढून उन्हात धरून पाहिलं, आणि गाय पसंत करावी तशी तिला पसंत केली. काउंट द माल्वोआंचा एकुलता एक मुलगा ऑक्ताव त्या संध्याकाळी तिच्या मांडीवर आला. एमिलांद शेळीच्या दुधावर गेली.

एमिलांदने हे पुढे जन्मभर ऐकवलं. ती अंगाने बुटकी आणि जिभेने लांब. "माझ्या वाटणीचं तो प्यायला, म्हणून तो घोड्यावर नि मी घोड्याच्या पोटाखाली," असं ती म्हणायची. पण ऑक्ताव गावात आलाय असं कळलं की सगळ्यात आधी पळत सुटायची तीच.

मूल तीन वर्षं लाझारेतच्या घरी राहिलं. तिच्याच मातीच्या जमिनीवर ते चालायला शिकलं, तिच्याच बोलीत बोलायला लागलं आणि चरबीत केलेलं कुट्टूच्या पिठाचं धिरडं तव्यावरून उतरायच्या आधीच मागायला लागलं. मग एक दिवस गाडी आली. मुलासमोर रडायचं नाही, असं तिला आधीच बजावलं होतं, आणि ती रडली नाही. मूल रडलं. तिच्या कमरेचं फडकं त्याने असं धरलं होतं की शेवटी ते फडकंच सोडून द्यावं लागलं. ते त्याच्याबरोबर गाडीतून गेलं. घरी आल्यावर ती सवयीने कमरेला हात पुसायला गेली आणि तिथे काहीच नव्हतं. तेव्हा मात्र ती खाली बसली.

गढीत त्याच्या गावंढळ बोलण्याबद्दल त्याला छड्या मिळाल्या. सातव्या वर्षी तो राजाच्या वाड्यात सेवेला गेला, मिसरूड फुटायच्या आत पलटणीत. तिथे तो बोलायला असा शिकला की दरबारातल्या बायका ऐकत राहायच्या, असं कारभारी अभिमानाने सांगायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा चार दिवस गढीवर येणं व्हायचं. आला की आधी लाझारेतच्या स्वयंपाकघरात. दारातून आत शिरायला त्याला आता वाकावं लागे.

"आई, धिरडं आहे का?"

"आहे की. बस. टोपी काढ आधी, चुलीत पडेल ती पिसं."

"राजासमोरसुद्धा मला कुणी टोपी काढ म्हणून ओरडत नाही."

"राजाने तुझं ढुंगण धुतलेलं नाही."

तो हसायचा, आणि लाझारेतला ते हसू पुढची दोन वर्षं पुरवून वापरावं लागायचं. रविवारी चर्चच्या प्रार्थनेला, मिस्साला, ती त्याच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसे. गढीचा बाक सगळ्यांत पुढे, मखमलीची उशी असलेला. मिस्सा संपताना आशीर्वाद दिलेल्या पावाची टोपली फिरते, ती आधी त्या बाकापाशी नेतात आणि धनी नसला तरी तिथे क्षणभर थांबवतात. तो थांबण्याचा क्षण लाझारेतचा. बाकीची मिस्सा देवाची असेल.

मग जर्मनीकडची लढाई झाली. आपण हरलो, हे गावाला फार उशिरा कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की काउंट ऑक्ताव पडले. पलटणीतल्या कुणी तरी त्यांचा झगा आणि त्यावरून देह ओळखला होता. थोरले काउंट आणि बाईसाहेब आधीच गेलेले. रडायला गढीत कारभारीच उरला, तो बिचारा मनापासून रडला. चर्चची घंटा वाजली. आंदोश गवंड्याला बोलावणं गेलं.

आंदोश चुन्याचं काम उत्तम करायचा. चित्रांशी मात्र त्याचा संबंध नव्हता. काजळी आणि सरस कालवून त्याने पट्टा आतून-बाहेरून सरळ ओढला, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. घोटाळा झाला चिन्हात. माल्वोआंच्या ढालीवर एका पायावर उभा बगळा आहे. आंदोशने मान आखूड काढली, पोट मोठं काढलं, आणि दुसरा पाय कुठे ठेवावा हे न कळून तो खाली सोडला. साऱ्या चर्चभर बदकं उभी राहिली.

लाझारेतने काळे कपडे घातले नाहीत. शेजारणींनी आणून दिले, तिने घडी न मोडता परत केले.

"आई, गाव काय म्हणेल?" एमिलांद म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे सुजले होते.

"म्हणू दे. तो मेलेला नाही."

"झगा ओळखला त्यांनी."

"झगा मेला असेल. मला कळलं असतं, एमी. त्याला गोवर आला होता तेव्हा मी नदीवर धुणं धूत होते, तिथे मला कळलं होतं."

त्या पट्ट्याखाली बसणं मात्र तिला जमेना. ती मिस्साच्या वेळी दारातल्या पायरीवर बसायला लागली. पण पट्टा बाहेरूनही होताच. शेवटी ती आवाराच्या भिंतीपलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली जाऊन बसली. पाद्रीबाबा चिडले. "देवावर रुसलीस का, लाझारेत?"

"देवावर कशाला रुसू? आंदोशवर रुसलेय."

टोपली आता पुढच्या बाकापाशी थांबत नव्हती. गढीचा मान कुणा लांबच्या चुलतभावाकडे जाणार होता आणि त्याला अजून कुणी पाहिलंही नव्हतं. लाझारेतला हे एमिलांदकडून कळलं, तेव्हा पुढच्या रविवारी ती ऐन वेळी आत आली, टोपली नेणाऱ्याला म्हणाली, "थांब तिथे," आणि तो थांबला तशी परत झाडाखाली गेली. मग दर रविवारी हेच. म्हातारीला वेड लागलं, असं गावाने ठरवून टाकलं. गावाला असलं काही ठरवायला वेळ लागत नाही.

पुढच्या वर्षी अक्रोड झोडण्याचे दिवस होते. लाझारेत लांब काठीने फांद्या बडवत होती आणि एमिलांद खाली वेचत होती. वाटेवर एक माणूस आला. एक पाय ओढत, हातात काठी, दाढी वाढलेली, अंगावर कुठल्या तरी जर्मन शेतकऱ्याचा डगला. एमिलांदने वर पाहिलं आणि ओटीतले सगळे अक्रोड सांडले.

"आई, धिरडं आहे का?" तो म्हणाला.

लाझारेतने काठी खाली केली नाही. जणू ती खाली केली तर तो जाईल. "इतका उशीर," एवढंच तिच्या तोंडून आलं, आणि मग ते अख्खं झाड तिच्या डोळ्यांपुढे पाण्यात बुडालं.

झालं होतं असं की लढाईत जखमी होऊन थंडीने काकडणाऱ्या एका शिपायाला त्याने आपला झगा पांघरला. तो शिपाई त्या झग्यातच मेला. ऑक्ताव मांडीत गोळी घेऊन शत्रूच्या हाती सापडला आणि वर्षभर एका गोठ्यात पडून राहिला. हे सगळं त्याने तव्यासमोर बसून, खाता खाता, तिच्याच घरच्या बोलीत सांगितलं. दरबारात शिकलेला एक शब्द त्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चर्चमध्ये गेला आणि आपल्याच सुतकाखाली उभा राहिला. मग त्याची नजर चिन्हावर गेली.

"आंदोश, हे काय काढलंयस?"

"बगळा, सरकार."

"माझे पूर्वज हा बगळा घेऊन जेरुसलेमपर्यंत लढायला गेले होते. तू त्याला डबक्यात सोडलास." आणि तो असा हसला की त्याला काठीचा आधार घ्यावा लागला. आंदोश लाजला, पाद्रीबाबाही हसले. आवाराच्या फाटकापाशी उभ्या लाझारेतला ते हसू ऐकू आलं.

पट्टा पुसून टाकावा, असं सगळ्यांनाच वाटत होतं. कारभारी मात्र आडवा आला. या पट्ट्याच्या मानावरून शेजारच्या जहागीरदाराशी आजोबांच्या वेळेपासून भांडण होतं. एकदा ओढलेला पट्टा आपण होऊन पुसला तर मान सोडला असं होईल, तो म्हणाला, आणि उद्या तो जहागीरदार येऊन स्वतःचा ओढेल. ऑक्तावने ऐकून घेतलं.

"राहू दे मग. कधी तरी लागणारच आहे. पण माझ्या आईच्या बाकावरचा तेवढा खरवडून चुना दे, आंदोश. बाकीची भिंत मला मेलेला समजू दे, तिच्या डोक्यावर मी जिवंत आहे." मग तो कारभाऱ्याकडे वळला. "ही जागा ती सांगेल तेव्हाच भरायची. मी सांगितलं तरी नाही. माझ्यामागून येणाऱ्याने सांगितलं तरी नाही."

लाझारेत त्या रविवारी आपल्या बाकावर परत येऊन बसली.

त्याला वाटलं होतं, आता गावात राहता येईल. लंगड्या माणसाला पलटणीत काय काम? पण राजाला त्याची जीभ आठवली. उत्तरेकडे कुठे तरी, वर्षातला निम्मा काळ बर्फात असणाऱ्या एका दरबारात वकील म्हणून त्याला पाठवायचं ठरलं. निघायच्या दिवशी तो चुलीपाशी रेंगाळला.

"नाही म्हणता येत नाही का रे?" लाझारेतने विचारलं. तिने आयुष्यात त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली.

"राजाला? नाही येत, आई. पण जास्त दिवस नाही. अक्रोड फोडायला मी येतो. शेकोटीपाशी बसू, एमी मला शिव्या देईल."

"आत्ताच देते. हव्यात का?" एमिलांद म्हणाली, आणि तोंड फिरवून आत गेली.

कुठल्या वर्षीचे अक्रोड, हे त्याने सांगितलं नाही आणि लाझारेतने विचारलं नाही. विचारलं असतं तर एक हिशेब तरी राहिला असता. त्यानंतर दर हिवाळ्यात अक्रोड फोडायला बसताना ती एक तिवई रिकामी ठेवायची. त्या राजाचा वकील, या राजाचा तह, असलं काही काही कारभारी सांगायचा. एकदा उत्तरेकडून तिच्या पायांसाठी अस्वलाचं भलं मोठं केसाळ कातडं आलं. लाझारेतला त्यावर पाय ठेवायचा धीर होईना, तोवर मांजर त्यावर व्याली. "निदान कुणाला तरी ऊब मिळाली," एमिलांद म्हणाली. फिलिबेर एका वसंतात तराफ्यावरून परत आला तो खोकत, आणि त्या उन्हाळ्यात गेला. एमिलांदची मुलं मोठी झाली. रिकामी तिवई तशीच. कधी कुणी पाहुणा चुकून तिच्यावर बसायला गेला तर एमिलांदच त्याचा दंड धरायची.

रविवारी लाझारेत आपल्या कोऱ्या जागेखाली बसून पुढच्या बाकाकडे बघायची. टोपली तिथे थांबायची. आत्ता तिकडे बर्फ पडत असेल, त्याच्या पायाची जखम ठणकत असेल, तिकडे त्याला कुणी टोपी काढ म्हणत असेल का, असलं काही तिच्या मनात चालायचं. प्रार्थना तिची कधीच पुरी झाली नसावी.

एका वसंतात कारभारी दारात आला तो टोपी हातात घेऊन. काउंट तिकडे तापाने गेले. या वेळी झगा-बिगा काही नव्हतं. दोन वैद्य हजर होते, त्या राजानेही दुखवटा धरला होता.

लाझारेतने ऐकलं. "मागच्या वेळीही मेला होता," ती म्हणाली, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

गाव गोंधळलं. एकदा गाव चुकलं होतं आणि म्हातारी बरोबर ठरली होती. आता पुन्हा तिला वेडी कोण म्हणणार? काहीजण तर खरंच वाटेकडे बघायला लागले. पट्टा आधीच होता, त्यामुळे कुणाला काही करायचंही नव्हतं. एवढा मोठा माणूस गेला आणि भिंतीवर काडीचा फरक पडला नाही. फक्त ती दोन हात जागा. आता धनी झालेल्या, पण अजून बाकावर येऊन न बसलेल्या चुलतभावाने ती भरून घ्यायचा निरोप पाठवला. आंदोश बादली घेऊन गेला, तर लाझारेत बाकावर बसलेली.

"मी सांगितलं का?"

"नाही, लाझारेतबाई."

"मग?"

आंदोश बादली घेऊन परत आला. कारभाऱ्याने डोळे वटारले तेव्हा तो म्हणाला, "जुन्या सरकारांचा हुकूम आहे. मोडायचा तर तुम्ही चढा शिडीवर." कारभाऱ्याला तो हुकूम आठवत होता. तो शिडीवर चढला नाही.

अक्रोडांच्या दिवसांत उत्तरेकडून एक माणूस आला. ऑक्तावचा खासगी नोकर, पॅरिसचा, चकचकीत बुटांचा. देह तिकडेच पुरला होता. काळीज मात्र शिशाच्या डबीत घालून गावी न्यायचं, चर्चमध्ये पुढच्या बाकाखाली ठेवायचं, आणि त्याआधी लाझारेतच्या घरी न्यायचं, असं धनी सांगून गेले होते. नोकर वाकून दारातून आत आला. लाझारेत आणि एमिलांद अक्रोड फोडत होत्या. कुठे ठेवावी हे न कळून त्याने डबी रिकाम्या तिवईवर ठेवली. या वेळी एमिलांदने दंड धरला नाही.

"धनी हिवाळ्यात स्वयंपाक्याला हाकलून स्वतः चुलीपाशी उभे राहायचे," नोकर म्हणाला. "काळं काही तरी करायचे तव्यावर. दर वेळी जळायचं. आम्हा सगळ्यांना खायला लावायचे आणि म्हणायचे, असं नसतं ते, असं नसतं."

"पीठ पातळ करायला हवं होतं," लाझारेत म्हणाली. तिने हात पुसले, डबी उचलली आणि मांडीवर घेतली. "किती जड आहे," मग म्हणाली. "आला होता तेव्हा एवढा जड नव्हता."

"आई," एमिलांद म्हणाली, "आता तरी तुला पटतंय ना?"

"मला कारभारी यायच्या आधीपासून ठाऊक आहे, एमी. मागच्या वेळी जिवंत आहे हे जसं कळलं, तसंच हेही कळलं. मी शेळीला चारा घालत होते." तिने डबीवरून हात फिरवला. "पण ती जागा भरली की मी वाट कुणाची बघू? मला दुसरं काही येतच नाही गं."

एमिलांद उठली आणि आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

डबी पुढच्या बाकाखाली ठेवली त्या दिवशी लोक गेल्यावरही लाझारेत आपल्या जागी बसून राहिली. आंदोश दाराशी घुटमळत होता. तोही आता म्हातारा झाला होता.

"आण तुझी बादली," ती म्हणाली.

एमिलांदने शिडी धरली. आंदोश चढला, सरसात कालवलेली काजळी ढवळली, आणि वरूनच म्हणाला, "या जागी एक चिन्हही यायला हवं. या वेळी मुलाला बोलावू का? त्याला बगळा बरा जमतो. मला अजून बदकच येतं."

"मग बदकच काढ," लाझारेत म्हणाली. "त्याला हसला होता तो."

आंदोश काम करत होता तेवढा वेळ ती खालून हलली नाही. रंगाचा एक थेंब तिच्या पांढऱ्या टोपीवर पडला. तो सरक म्हणाला, ती म्हणाली, पडू दे. पुढच्या रविवारी तिने थांब म्हटलं नाही, टोपली पुढच्या बाकापाशी न थांबता आली, आणि लाझारेतने आपला तुकडा घेतला. काळे कपडे तिने त्यानंतरही घातले नाहीत. ती टोपी एमिलांदने धुवायला मागितली, तिने दिली नाही.